कलम अकरा, उपकलम तीन

एकेचाळीस पानं.
मी नेहमी शेवटचं पान आधी बघते.
सह्यांच्या जागा कोऱ्या,
अजून कुणी न अंथरलेल्या दोन खाटा.

मग व्याख्या.
'नमुना' म्हणजे काय, 'पक्ष' म्हणजे कोण,
'काम' म्हणजे कुठपर्यंत काम.
मेख इथेच असते.
माणसं रकमेवर भांडतात आणि व्याख्येत हरतात.

बिश्केकमध्ये नोव्हेंबर. काचेला कोळशाच्या धुराची साय.
तिसऱ्या मजल्यावरचा हीटरचा पाइप
मधूनमधून ठोके देतो, आत कुणी अडकल्यासारखा.
चहाचा प्याला कागदांपासून हातभर लांब:
एकदा मूळ प्रतीवर सांडला होता,
कुलसचिव निवृत्त झाले तरी विसरले नाहीत.

कोकमुझ हिमनदीतून
एकशे बारा मीटर बर्फाचा गाभा काढणार,
गारठ्यात गुंडाळून विमानानं झुरिकला नेणार,
तिथे त्याचे काप करणार,
एकेका कापात एकेक हिवाळा.

कलम अकरा, उपकलम तीन:
'प्रकल्प संपल्यावर सर्व नमुने
ज्या स्थितीत मिळाले त्याच स्थितीत परत करावेत.'

मी दोनदा वाचलं.
प्राध्यापक सुयुनबेकना फोन लावला.
ते असे हसले की फोन कानापासून दूर धरावा लागला.
"अहो बाई, वितळवल्याशिवाय तो बोलतच नाही."

मसुदा कुठल्यातरी जुन्या कामाचा असणार.
हाडांसाठी केलेला, नाहीतर नाण्यांसाठी.
नावं बदलली, हाडांच्या जागी बर्फ आला,
वाक्य तसंच उभं राहिलं.
निम्मं जग असंच चालतं आमच्या धंद्यात.

लाल रेघ ओढली. समासात लिहिलं:
'परत करणे शक्य नाही. फेरविचार व्हावा.'

चौथ्या दिवशी रेगुला श्टुकीचं उत्तर,
त्यांच्या सगळ्या उत्तरांसारखं, कडक इस्त्रीचं:
'मान्य. त्याऐवजी काय हवं?'

काय हवं?
करार एवढं सगळं विचारतात,
कायदा कुणाचा, न्यायालय कुठलं, चलन कोणतं,
पेटंट निघालंच तर टक्के किती,
किती वर्षं तोंड बंद ठेवायचं.
हे मात्र कधी कुणी विचारलं नव्हतं.

ताशबुलाकला माझी नणंद राहते, बुरमाकान.
तिच्या अंगणातून जाणारा पाट कोकमुझचा.
यंदा जूनमध्ये फुगला, ऑगस्टमध्ये आटला.
मला म्हणाली, तू विद्यापीठात असतेस,
तुला माहीत असेल, अजून किती वर्षं?
मी म्हटलं, मला कसं माहीत,
मी नुसते स्वल्पविराम बघते.

एकेचाळीस पानांत ताशबुलाक एकदाच येतं,
परिशिष्ट ड मध्ये,
जीप उभी करायची जागा म्हणून.

तेव्हा लिहिलं:
'नमुन्याऐवजी निष्कर्ष परत करावेत.
ताशबुलाकच्या शाळेत, किरगीझ भाषेत,
प्रसिद्धीच्या आधी,
उपस्थितांचे प्रश्न संपेपर्यंत.'

शेवटची ओळ टिकणार नाही हे ठाऊक होतं.
'प्रश्न' म्हणजे काय? 'संपणे' म्हणजे कधी?
दुसऱ्या कुणाची असती तर मीच खोडली असती.

तिनं लिहिलं, 'वाजवी कालावधीपर्यंत.'
मी लिहिलं, वाजवीची व्याख्या द्यावी.
'एक दिवस.'
दोन. आणि मुक्काम गावातच.
दीड आठवडा काहीच नाही. पाइप ठोकत राहिला.
मग एका सकाळी, एकच शब्द: मान्य.

सगळ्या लाल रेघा पुसून स्वच्छ प्रत काढली.
आता बेचाळीस पानं. बघणाऱ्याला वाटेल
हे सारं पहिल्यापासून असंच होतं.

रात्री बुरमाकानला सांगितलं.
तिला कलमात काही रस नव्हता.
किती जण येणार? मेंढी कापायची तर आधी कळायला हवं.
हे तरी लिहिलंय का कुठे तुमच्या कागदात?

लिहिलंय, म्हटलं. सहा जण.
परिशिष्ट ड. जीपच्या वरच्या ओळीत.